ओढ्यापलीकडचं दूध

ओढ्याच्या पलीकडच्या काठावर एक बाई पाठमोरी बसून आपलं दूध दगडावर पिळून टाकत होती. अलीकडच्या काठावर मी उभी होते आणि माझ्या पाठीशी बांधलेला माझा भाऊ भुकेनं रडत होता. खरं तर सकाळपर्यंत रडत होता. दुपारी त्याच्यात तेवढीही ताकद उरली नव्हती, नुसता मधूनमधून कण्हल्यासारखा आवाज येत होता.

त्या आवाजानं ती वळली. शाल ओढून तिनं छाती झाकली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"किती दिवसांचा?" तिनं विचारलं. बोलत होती आमचीच भाषा, पण एकेक शब्द तोंडात धरून, परक्या माणसासारखी.

"परवाचा."

"आई?"

मी पाठीवरचं बाळ सावरलं. तिला कळलं.

ही गोष्ट पोतोसीची. चांदीच्या डोंगराखालचं शहर ते. स्पेनच्या राजाचा हुकूम असा होता, की दूरच्या मोठ्या सरोवराकाठच्या गावांनी दर वर्षी आपल्यातले काही पुरुष त्या डोंगरात राबायला पाठवायचे. मिता म्हणायचे त्याला. शुद्ध वेठ होती. पुरुष एकटे येत नसत. बायका-पोरं, लामा नावाच्या ओझेवाहू जनावरांचे कळप, वाळवलेल्या बटाट्यांची पोती, सगळं घेऊन दोन-दोन महिने चालत यायचं आणि शहराबाहेरच्या उजाड माळावर वर्षभरासाठी दगड-गवताच्या खोपी उभ्या करायच्या. ज्या-त्या लोकांची वस्ती वेगळी. ओढ्याच्या अलीकडे आम्ही आयमारा. पलीकडे, उताराच्या खालच्या अंगाला, उरू.

उरू म्हणजे सरोवरातल्या लव्हाळ्यांत राहणारी माणसं. मासे आणि पाणपक्षी धरून जगणारी. सरोवर त्यांचं आणि आमचं एकच, पण आम्ही शेतीभातीचे, जनावरं बाळगणारे, ते पाण्यातले. त्यांच्या हातचं आम्ही खात नव्हतो, त्यांच्या भांड्याला तोंड लावत नव्हतो. लहानपणी हट्ट केला की आई म्हणायची, उरूला देऊन टाकीन हं तुला. पोतोसीत स्पॅनिश लोकांच्या लेखी आम्ही सगळे सारखेच, डोंगराच्या पोटात घालायची माणसं. तरी ओढ्याचं वरचं पाणी आमचं आणि खालचं त्यांचं, हा नियम आम्ही गावाहून सामानाबरोबर बांधून आणला होता.

मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेन. पाद्रीनं ठेवलेलं माझं नाव बार्तोला, पण घरी सगळे पांकारा म्हणायचे. पांकारा म्हणजे फूल. सोमवारी पहाटे बाबा इतर पुरुषांबरोबर डोंगरावर गेले. एकदा वर गेले की ते शनिवारीच खाली यायचे. त्याच दुपारी आईला कळा सुरू झाल्या. बाळ आलं, आणि दिवेलागणीच्या आत आई गेली. मुकादमाला निरोप धाडला तर तो म्हणाला, मेलेल्या बाईला नवरा काय करणार? गुरुवारी बायका शिदोरी घेऊन येतात तेव्हा सांगा त्याला. मंगळवारी आम्ही तिला बाबांवाचून पुरलं.

घरात उरलो मी, बाळ आणि आत्या. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, कातालिना. नवरा लवकर गेला तेव्हापासून ती आमच्यातच होती. सगळ्या वस्तीत अंगावर पाजणाऱ्या बायका दोनच. एक तापानं फणफणलेली. दुसरी तोमासा, तिला जुळी होती. तिनं एक दिवस बाळाला घेतलं, मग रडवेली होऊन परत आणून दिलं. "माझीच दोन्ही उपाशी राहतात गं," म्हणाली. आत्यानं बाजारातून शेळीचं दूध आणलं, फडक्याच्या बोळ्यानं पाजलं. सगळं उलटून आलं.

पलीकडच्या उरूंच्या एका बाईचं बाळ गेल्या आठवड्यात वारलं, हे मी तोमासाच्याच तोंडून ऐकलं होतं. म्हणून त्या दुपारी मी घागर घेऊन निघाले आणि पाण्याच्या निमित्तानं खालच्या अंगाला गेले.

"तुमचं पाणी वर आहे," ती बाई म्हणाली.

"माहीत आहे."

"मग इथे काय करतेस?"

मी दगडाकडे बघत होते. त्यावरून पांढरा ओघळ पाण्यात जात होता.

"टाकून का देतेस?" मी विचारलं.

"मग काय करू? माझं बाळ गेलं हे दुधाला कोण सांगणार? ते येतच राहतं. काढलं नाही तर अंग तापतं." मग म्हणाली, "मागच्या आठवड्यात तुमच्यातल्या एका बाईनं मला दगड मारला. वरच्या डोहाशी गेले होते म्हणून. मडकं फुटलं माझं."

"ती माझी आत्या," मी म्हटलं. खोटं बोलायला हवं होतं, पण सुचलं नाही.

"जाड भुवयांची?"

"हो."

ती उठली. मला वाटलं आता जाणार. तेवढ्यात बाळानं पुन्हा एकदा कुठून तरी जीव गोळा करून टाहो फोडला, आणि मी पाहिलं, तिच्या शालीवर दोन ओले डाग उमटले आणि पसरत गेले. तिनं खाली पाहिलं. आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटली, शिवीच असावी.

"आण इकडे," ती म्हणाली.

मी वहाणा काढल्या नाहीत की काही नाही, तशीच पाण्यात शिरले. पाणी बर्फासारखं होतं. तिनं बाळ घेतलं, खडकाच्या आडोशाला बसली आणि त्याचं तोंड लावलं. पहिल्यांदा त्याला जमेना. तिनं बोटानं त्याचे ओठ उघडले, दोन थेंब आत सोडले. मग त्यानं असं काही धरलं की ती कळवळली. मी बाजूला उकिडवी बसून ढसाढसा रडायला लागले. आई गेल्यापासून मी रडलेच नव्हते.

"रडून घे," ती म्हणाली. "मी तुझ्याकडे बघत नाही."

बाळ पिऊन गाढ झोपलं तेव्हा तिनं मला नाव सांगितलं, मेल्चोरा. आणि बाळ माझ्या हातात देताना म्हणाली, "हे बघ. पुन्हा असं चोरून आणू नकोस. उजेडात आण, तुमच्या सगळ्यांदेखत, वस्तीच्या मधून. तर पाजीन. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, उरूच्या बाईनं पोर पळवलं, पोराला काहीतरी केलं. माझ्या नवऱ्याची पाठ सोलतील."

घरी आत्या वाट बघत होती. तिनं वेणी नीट घातली होती, धुतलेली शाल पांघरली होती. ती पाद्रीकडे जाऊन आली होती.

"शहरात एक स्पॅनिश बाई आहे," ती म्हणाली. "घरात अंगावर पाजणारी दाई आहे तिच्या. अनाथ पोर असेल तर हवंय तिला. पाद्री उद्या संध्याकाळी स्वतः घेऊन जाईल."

"तो अनाथ नाही. बाबा आहेत त्याला."

"बाबा त्याला पाजणार का?"

"आणि मोठा झाला की? आपल्याला परत देतील?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. त्या घरांतून पोरं परत येत नाहीत, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. ती तिथेच वाढायची, घोड्यांची लीद काढायची, आणि आपण कुणाचे हे विसरायची.

"जगेल तरी," ती म्हणाली. मग बाळाला घ्यायला वाकली आणि थबकली. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात दूध सुकलं होतं. "कुणाचं हे?"

मी सांगितलं.

आत्या ओरडली नाही. तिनं फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं आणि बाळाचं तोंड पुसलं. मग ओलं बोट तोंडात घालून आतूनही पुसलं. बाळ रडायला लागलं.

"तुला कळत नाही पांकारा," ती हळू आवाजात म्हणाली. "वर्ष संपलं की आपण गावी जाणार. गावी सगळ्यांना कळणार. उरूच्या दुधावर वाढलेल्या पोराला जमिनीचा तुकडा कोण देईल? मुलगी कोण देईल? लव्हाळ्यांत जा म्हणतील त्याला. त्यापेक्षा स्पॅनिश बाईच्या घरी नोकर झालेला बरा."

"आधी वर्षाचा तर होऊ दे."

"उद्या मी वर जाते," ती म्हणाली. "गास्पारला मीच सांगते. बाप आहे तो, तो ठरवेल."

मी अंगावर आईची शाल ओढून पडून राहिले. उजाडलं तेव्हा आत्या शिदोरी बांधत होती आणि बाळ मुठी चोखत होतं. मी त्याला उचललं, पाठीशी न बांधता पुढ्यात धरलं, म्हणजे सगळ्यांना दिसेल असं, आणि खोपीच्या मागच्या वाटेनं न जाता वस्तीच्या मधून चालायला लागले. बायका चुली पेटवत होत्या. एकेक करून बोलणी थांबली. कुणी मला अडवलं नाही, पण एक म्हातारी माझ्या पायाशी थुंकली. तोमासा दोन्ही काखांत दोन पोरं घेऊन दारात उभी होती. ती आत गेली. ओढ्याशी मी वळून पाहिलं तर अख्खी वस्ती बघत होती. मी पाण्यात उतरले.

मेल्चोरा दारातच बसली होती. तिनं हात पुढे केले.

तिलाही त्या दिवशी शिदोरी घेऊन वर जायचं होतं. तिचा नवरा तोरिबिओ त्याच खाणीत होता जिथे बाबा होते. चढ उभा, वारा तोंडावर, आणि बाळाला मधूनमधून घ्यावं लागणार. म्हणून तिनं बाळ घेतलं आणि मी दोन्ही घरच्या शिदोऱ्या घेतल्या. आत्या आमच्यापुढे निघून गेली होती. वाटेच्या वळणावळणावर तिची काळी शाल दिसायची आणि नाहीशी व्हायची.

"तुझा बाप कसा आहे?" मेल्चोरानं विचारलं.

"शांत आहे."

"शांत माणसांचीच भीती असते," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "माझा तसा नाही. माझा आरडाओरडा करतो."

"त्याला माहीत आहे? तू याला पाजतेस ते?"

"त्याला कुठून माहीत असणार? सोमवारपासून आत आहे तो."

हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मी सगळा वेळ बाबांनाच घाबरत होते.

खाणीच्या तोंडाशी बायकांची रांग होती. एका बाजूला आमच्या, एका बाजूला त्यांच्या. आत्या सगळ्यात पुढे. आतून चामड्याच्या शिड्या चढून पुरुष एकेक करून बाहेर यायला लागले. अंगठ्याला मेणबत्ती बांधलेली, पाठीवर दगडांचं गाठोडं, अंगभर पांढरी धूळ. आतल्या उकाड्यातून ते एकदम त्या वाऱ्यात यायचे आणि कुडकुडायला लागायचे. डोळे उघडायला त्यांना वेळ लागायचा.

बाबा आले. गाठोडं टाकून त्यांनी डोळ्यांवर हात धरला आणि रांगेत आईला शोधलं. तिची शाल माझ्या अंगावर होती. लांबून त्यांना मीच ती वाटले असणार, कारण ते हसले. हसतच चार पावलं आले. मग त्यांना माझा चेहरा दिसला.

ते तिथेच खाली बसले. कुणी काही सांगायची गरज राहिली नाही.

मी जवळ जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी अंगठ्यावरची मेणबत्ती विझवली. मग म्हणाले, "आणि पोर?"

"मुलगा आहे, बाबा. चांगला आहे."

"कुठाय?"

तेवढ्यात आत्या पुढे आली. "गास्पार, ऐक माझं. तुझ्या पोरीनं तुझा मुलगा उरूच्या पदराखाली नेऊन ठेवलाय. अजून वेळ गेलेली नाही. पाद्री आज संध्याकाळी न्यायला येतोय, चांगलं घर आहे, तू फक्त हो म्हण."

बाबांनी मान वर केली. पलीकडच्या रांगेत मेल्चोरा उभी होती. बाळ तिच्या शालीत तोंड खुपसून पीत होतं. ती ते लपवत नव्हती. बाबा काय म्हणतात ते ऐकायला आमची माणसं थांबली होती.

पण आधी बोलला तोरिबिओ. तो बाबांच्या मागोमागच वर आला होता. उंच, काटकुळा माणूस, छातीचा पिंजरा दिसणारा. बायकोच्या कुशीत बाळ बघून त्याचा चेहरा असा काही उजळला की मला बघवेना. क्षणभरच. मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं आपल्या भाषेत बायकोला काहीतरी विचारलं, तिनं बाबांकडे बोट दाखवलं.

"नाही!" तो आमच्या भाषेत ओरडला, म्हणजे आम्हाला सगळ्यांना कळावं. "काढ त्याला! देऊन टाक त्यांचं त्यांना!"

"तोरिबिओ," मेल्चोरा म्हणाली.

"आपलं पोर तापानं फणफणलं होतं. खालचं पाणी घाण, म्हणून वरचं स्वच्छ पाणी आणायला गेलीस तू. एक घागर. दगड मारला ना यांनी? रिकाम्या हातानं आलीस ना? पोर गेलं आपलं. आणि आता यांना दूध पाहिजे?" त्याला खोकला आला, पण खोकत खोकतही तो बोलत राहिला. "तेव्हा आमच्या मडक्याचा विटाळ होत होता. दुधाचा होत नाही वाटतं?"

मी आत्याकडे पाहिलं. तिला हे माहीत नव्हतं. पाणी आजारी बाळासाठी होतं, हे तिला आत्ता त्या क्षणी कळत होतं.

मेल्चोरानं बाळाला काढलं नाही. पण नवऱ्याविरुद्ध ती काही बोलली पण नाही. ती माझ्या बाबांकडे बघत होती.

बाबा उठले. त्यांनी कमरेची, चघळायच्या कोकाच्या पानांची पिशवी सोडली. आमच्याकडे कुणाला पानं दोन्ही हातांनी पुढे केली की त्याचा अर्थ, मी तुझ्याकडे मागणं घेऊन आलोय. आणि समोरच्यानं घेतली की तो आपला झाला. सोयरिकीच्या वेळी करतात तसं. कुठल्या आयमारा माणसानं उरूपुढे पानं धरलेली मी कधी पाहिली नव्हती, ऐकलीही नव्हती. बाबांनी पिशवी उघडून पानं ओंजळीत धरली आणि तोरिबिओपुढे जाऊन उभे राहिले.

"माझी बायको गेली," ते म्हणाले. "तुझं पोर गेलं. आमच्या हातून गेलं असं तू म्हणतोस, तर तसं असेल. मला ते परत देता येत नाही. माझ्याकडे काही नाही. मी मागतोय."

तोरिबिओ त्या पानांकडे बघत राहिला. मुकादम काठी आपटत आमच्याकडे यायला लागला होता. आमच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "गास्पार, काय करतोस!" बाबांनी ऐकलं नाही.

मग तोरिबिओनं काखेतली भोपळ्याची तुंबडी काढली. तिचं बूच दातांनी उपसलं.

"आधी हे पी," तो म्हणाला. "माझं उष्टं आहे. खालचं पाणी आहे."

बाबांनी पानं एका हातात घेतली, दुसऱ्या हातानं तुंबडी तोंडाला लावली. एखादा घोट घेऊन त्यांना थांबता आलं असतं. पण खाणीत माणसाला तहान फार लागते. ते गटागटा प्याले, हनुवटीवरून पाणी ओघळून धुळीत रेघा पडल्या. रिकामी झाल्यावरच त्यांनी ती खाली घेतली. "सगळं संपलं," ते ओशाळून म्हणाले.

का कोण जाणे, तोरिबिओला हसू आलं. हसता हसता पुन्हा खोकला. मग त्यानं हात पुढे केला, चिमूटभर पानं घेतली आणि गालात ठेवली. बायकोला आपल्या भाषेत एक वाक्य बोलला आणि वळला.

"तुझ्या आईला कुठे ठेवलंय?" बाबांनी मला विचारलं.

"चर्चच्या मागे. भिंतीलगत, ऊन येतं तिथे."

"शनिवारी दाखव मला."

त्यांना बाळाला जवळून बघायलाही मिळालं नाही. मुकादमानं सगळ्यांना आत हाकललं. शिडीवरून उतरताना बाबा आणि तोरिबिओ एकापाठोपाठ होते. दोघांच्या मेणबत्त्या थोडा वेळ दिसल्या.

उतरताना मी मेल्चोराला विचारलं, "शेवटी काय म्हणाला तो?"

"म्हणाला, पोराचं डोकं झाक, वारा आहे."

आत्या आमच्या मागे, बरीच मागे चालत होती. पाद्री संध्याकाळी आला तेव्हा तिनंच त्याला दारातून परत पाठवलं. "बापानं ठरवलंय," एवढंच म्हणाली आणि चुलीकडे तोंड करून बसली.

पुढचे महिने सोपे गेले असं मी म्हणणार नाही. आमच्या वस्तीत आम्हाला कुणी सणाला बोलावेना. शनिवारी पुरुष मक्याची दारू प्यायला गोल करून बसायचे, तिथे बाबांसाठी कुणी सरकायचं नाही. मग बाबा ओढा ओलांडून तोरिबिओच्या दारात जाऊन बसायला लागले. बाळाचं नाव ब्लास ठेवलं. बाप्तिस्म्याला त्याला मांडीवर घेऊन मेल्चोराच बसली. पाद्रीला त्यात काही वावगं वाटलं नाही, तो आम्हा सगळ्यांना सारखंच तुच्छ मानायचा. मी तिला मावशी म्हणायला लागले. एके सकाळी पाहते तर तोमासा तिच्या जुळ्यांतलं एक काखेला मारून, इकडेतिकडे बघत ओढा ओलांडतेय. तिचं दूध आटत चाललं होतं. मेल्चोरानं तिला पण तेच सांगितलं, उजेडात ये. ती दुसऱ्या दिवशी उजेडात आली. ते बघून आणखी कुणीतरी आलं, दुधासाठी नव्हे, भाजलेल्या हाताला लावायचं मासळीचं तेल मागायला. वरच्या डोहावर उरू बायका घागरी भरताना दिसायला लागल्या, आणि त्यावरून भांडणं झाली, पण दगड कुणी उचलला नाही.

आत्या मात्र त्या अंगाला फिरकली नाही. ब्लास घरी असला की ती त्याला खेळवायची, त्याच्यासाठी लोकर कातायची. पण मेल्चोराचं नाव तिनं तोंडानं घेतलं नाही आणि मेल्चोरानं तिचं.

वर्ष संपलं. आमच्या गावची माणसं परत निघाली. ब्लास तेव्हा रांगत होता, पण अजून अंगावर पीत होता. मुखियानं बाबांना बोलावून सांगितलं, पोराला घेऊन चल, गावी बघू काय ते. ते 'बघू' बाबांना चांगलं कळलं.

"आम्ही राहतो इथेच," बाबा म्हणाले. "तोरिबिओही राहतोय. त्याच्याबरोबर मजुरी करीन."

"इथे? या डोंगरापाशी?" मुखिया म्हणाला. "वेठ संपल्यावर कुणी राहतं का इथे आपल्या पायानं?"

"माझ्या पोराची माणसं इथे आहेत."

निघायच्या सकाळी बाबा मजुरीला डोंगरावर होते. लामांच्या कानांत लाल लोकरीचे गोंडे बांधले होते, सगळे गात होते. आत्याचं बोचकं तिच्या पाठीवर होतं. तिचं घर, तिचं शेत, नवऱ्याची कबर, सगळं गावी होतं. तिनं ब्लासला छातीशी घट्ट धरलं, माझ्या हातात दिलं आणि मागे न बघता कळपाबरोबर चालायला लागली. धुळीत ती दिसेनाशी होईपर्यंत मी उभी होते. मग मी ब्लासला घेऊन मेल्चोरा मावशीकडे गेले.

ऊन वर आल्यावर दारात सावली पडली. आत्या. बोचकं तसंच पाठीवर, पाय धुळीनं भरलेले. ती आत आली नाही. मेल्चोरा ब्लासला गुंडाळत होती, तिचे हात थांबले.

"असं गुंडाळतात का पोराला?" आत्या म्हणाली. "श्वास कसा घेईल तो?"

"माझं गुंडाळणं असंच आहे," मेल्चोरा म्हणाली.

"मासे गुंडाळतात असे."

"मग तू शिकव," मेल्चोरा म्हणाली आणि सरकून बसली.

आत्या उभी राहिली. मग तिनं बोचकं दाराशी टाकलं, वाकून आत आली आणि मेल्चोराशेजारी बसली. बसल्यावर म्हणाली, "तुझं पोर आजारी होतं ते मला ठाऊक नव्हतं." मेल्चोरानं ब्लासला तिच्या मांडीकडे सरकवलं. म्हणाली, "नाव आंद्रेस होतं त्याचं." आत्यानं ते नाव दोनदा म्हणून पाहिलं, लक्षात राहावं म्हणून म्हणतात तसं. मग ब्लासला मांडीवर घेऊन तिनं त्याची गुंडाळी सोडली.

आज ब्लासला स्वतःची मुलं आहेत. तो दोन्ही भाषांत बोलतो, दोन्ही भाषांत भांडतो, आणि कुणी त्याला कुठल्या लोकांचा म्हणून विचारलं तर चिडतो. बाबा, तोरिबिओ, आत्या, मावशी, कुणीच राहिलं नाही आता. आत्या आणि मावशी तर आयुष्यभर एका चुलीवर एकमेकींशी तंडत राहिल्या. मीठ किती, लोकर कुठली, पोराला थंडी वाजते की नाही.

पण मला आठवतो तो आत्या परत आली त्या आठवड्यातला शनिवार. बाबा आणि तोरिबिओ डोंगरावरून उतरून आले. ओढ्यापाशीच त्यांना आमच्या खोपीतून दोन बायकांचे चढलेले आवाज ऐकू आले असणार. त्यातला एक आवाज तर केव्हाच गावाच्या वाटेला लागला होता असं बाबा समजत होते. मी बाहेर लाकडं फोडत होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. हो, तीच. त्यांनी चेहऱ्यावरची धूळ बाहीनं पुसली.

"आत जायचं?" त्यांनी तोरिबिओला विचारलं.

तोरिबिओनं कान देऊन ऐकलं. "थांबू जरा," तो म्हणाला. "अजून संपलं नाही त्यांचं."

आणि ते दोघे दाराबाहेर उन्हाला पाठ देऊन बसले.